पहिली टोपली

इस्राएली शेतकऱ्याचे पहिल्या उपजाची टोपली याजकाला नुसती देऊन भागत नसे. आपले पूर्वज मिसर देशात दास होते, देवाने सोडविले, हेही बोलून दाखवावे लागे (अनुवाद २६:१-११). आपल्यातील झेंडू-शेवंती लावणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. दसऱ्याला भाव चढा असता सारी फुले बाजारात जातात. दिवाळीनंतर भाव पडला की उरलीसुरली उपासनामंदिरात येतात. ती पहिली टोपली नव्हे.

फुले तोडणाऱ्या बायांची मजुरी तर दानच नाही, देणे आहे. ती रात्रभर अडवू नये (लेवीय १९:१३). अडत्याकडून पट्टी आली नाही, ही सबब जुनीच!

मातीचेही देणे असते. झेंडूची मुळे जमिनीतील सूत्रकृमींना आवर घालतात. बहर सरल्यावर झाडे जाळू नयेत, तेथेच गाडावीत.

शिक्षकांनी लेवीय १९:९-१० वाचून मुलांना विचारावे : फुलमळ्याचा कोपरा कोणासाठी राखाल?