मोटारसायकलला लेगगार्ड : लावावे की लावू नये ?

गेल्या पावसाळ्यात कामानिमित्त हुबळीस जाण्याचा योग आला. मुक्काम विद्यानगरात बहिणीकडे होता. भाच्याने नुकतीच मोटारसायकल घेतली होती आणि पुढील बाजूस लोखंडी लेगगार्ड बसवावे की नाही, यावरून घरात दोन पक्ष पडले होते. "मामा, तुम्ही रस्ता-सुरक्षेवर लिहिता ना? मग तुम्हीच सांगा," असे म्हणून भाच्याने निवाडा आमच्यावर सोपविला. चटकन उत्तर देता आले नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. त्यानंतर जी माहिती मिळविली, ती वाचकांपुढे ठेवीत आहोत. ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक, दूध घालणारा शेतकरी, असे आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण दररोज मोटारसायकलवरच असतात. यास्तव हा प्रश्न एका भाच्यापुरता उरत नाही.

विद्यानगरासारखे ठिकाण या प्रश्नाच्या अभ्यासास सोयीचे आहे. जुना पुणे–बंगळूर रस्ता याच वस्तीतून जातो. १९४७ साली स्थापन झालेले भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९५७ सालचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय ही दोन्ही येथेच आहेत. त्यामुळे विद्यार्थी, रुग्णांचे नातेवाईक आणि नोकरदार यांची दुचाकी वाहने सकाळपासून रस्त्यावर असतात. हुबळी व धारवाड यांना जोडणारी सुमारे २२ कि.मी. लांबीची जलद बससेवा २०१८ साली सुरू झाली, तेव्हा बसगाड्यांसाठी रस्त्याच्या मध्यभागी स्वतंत्र मार्गिका राखण्यात आल्या. आतल्या गल्लीत काळ्या मातीचा चिखल आणि बाहेर चौकात वेगाने वळणाऱ्या मोटारी, अशी दोन्ही संकटे येथील स्वारास एकाच सकाळी भेटतात. लेगगार्डचा विचार करताना नेमका हाच भेद ध्यानात घ्यावा लागतो, कारण घसरून पडणे आणि धडक बसणे हे अपघाताचे दोन अगदी भिन्न प्रकार आहेत.

गाडी आडवी पडते तेव्हा

चिखलात पुढचे चाक घसरले किंवा उभी गाडी तोल जाऊन कलंडली, तर ती बाजूवर पडते. शंभर सी.सी.ची साधी मोटारसायकलही सुमारे ११० किलो वजनाची असते आणि बुलेटसारखी गाडी १८० किलोच्या पुढे जाते. एवढा भार घोट्यावर वा पावलावर आला, आणि पाय जमीन व इंजिन यांच्यामध्ये सापडला, तर हाड मोडण्यास वेगाची गरज उरत नाही. इंजिन किंवा सायलेन्सर तापलेला असेल तर पाय भाजतो तो वेगळाच. अशा वेळी लेगगार्ड आधी जमिनीस टेकते, गाडी अधांतरी धरते आणि पायास निसटण्यापुरती जागा करून देते. गिअरचा व ब्रेकचा पायदांडा, इंजिनाचे आवरण आणि हँडलचे टोक यांचेही रक्षण होते. खेड्यात हा लाभ लहान नव्हे. गिअरचा दांडा वाकल्यामुळे चार मैल गाडी ढकलीत आणणाऱ्या माणसास तो समजावून सांगावा लागत नाही.

धडक बसते तेव्हा

चौकात मोटार आडवी आली म्हणजे सारे गणित पालटते. गाडी एकदम थांबते, परंतु स्वाराचे शरीर मूळ वेगानेच पुढे जात राहते. जो लोखंडी दांडा मघाशी पायाचा रक्षक होता, त्याच्यावरच आता गुडघा व मांडी आदळू शकतात. बाजूने धडक बसली तर दांडा मागे वाकून पाय त्यात अडकण्याचा संभव असतो. शिवाय वेग दुप्पट झाला की आघातातील शक्ती चौपट होते. ताशी २० कि.मी. वेगाने पडताना जो दांडा टिकतो, तो ४० च्या वेगास टिकेलच असे मानण्यास आधार नाही.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट व त्यांचे सहकारी यांनी १९७६–७७ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि आणखी ३,६०० अपघातांचे पोलिसी अहवाल अभ्यासले. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन घडलेले होते. लेगगार्डविषयी त्यांचा निष्कर्ष असा की, घोटा व पाऊल यांच्या दुखापती कमी झाल्या खऱ्या, तथापि मांडी, गुडघा आणि नडगी यांच्या दुखापती तितक्याच वाढल्या. जमाखर्च बरोबरीत सुटला. यानंतर, १९८० च्या दशकात, ब्रिटनमधील शासकीय संशोधन प्रयोगशाळेने अधिक रुंद व आघात शोषणारे पायरक्षक तयार करून त्यांच्या चाचण्या घेतल्या. उत्पादकांनी मात्र हरकत घेतली. अशा साधनाने पाय वाचला, तरी स्वार निराळ्या रीतीने फेकला जाऊन डोके व छाती यांना अधिक इजा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर तसा कायदा तेथे झाला नाही.

हर्ट यांच्या निष्कर्षास एक मर्यादा आहे, ती सांगणे आवश्यक वाटते. अंगणात वा बांधावर गाडी कलंडली तर कोणी पोलिसांना कळवीत नाही आणि रुग्णवाहिकाही येत नाही. असे पडणे संशोधकांच्या नोंदीत क्वचितच येते. आपल्या खेड्यापाड्यांत तर तेच रोजचे. म्हणून "लेगगार्ड निरुपयोगी" असा सरसकट निकाल आम्ही देणार नाही. ते संथ वेगातील पडझडीचे साधन आहे. धडकेतून पाय वाचवील या भरवशावर मात्र कोणी राहू नये.

कोणते आणि कसे ?

लावायचेच असेल तर गाडीच्या उत्पादकाने त्याच नमुन्यासाठी बनविलेले, सांगाड्यावरील मूळ जागी बोल्टने बसणारे आणि हँडलच्या टोकांबाहेर न जाणारे लेगगार्ड निवडावे. वेल्डिंगच्या दुकानातून जाड नळीचे, रुंद, कमानदार गार्ड करून घेण्याची हौस ठिकठिकाणी दिसते. सांगाड्यावर थेट वेल्डिंग केल्यास उष्णतेने त्या जागचे पोलाद कमकुवत होण्याची भीती असते, आणि गार्ड अतिशय ताठ असेल तर पडल्यावर ते न वाकता सांगाडाच वाकतो. फार रुंद दांडा वळणावर गाडी झुकली असता जमिनीस घासतो, किंवा अरुंद वाटेत कुंपणाच्या तारेत अडकतो. ज्यासाठी लावला, त्याच अपघातास तो निमंत्रण देतो.

दुधाच्या किटल्या, खताची पिशवी, भाजीची टोपली या वस्तू गार्डला टांगण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. त्याने पुढील भाग जड होतो व हँडल वळेनासे होते. लांबच्या प्रवासात गार्डवर पाय पसरून बसणारेही आढळतात. त्यांचा उजवा पाय मागील ब्रेकपासून दूर असतो, आणि म्हैस रस्त्यावर येताना पूर्वसूचना देत नाही.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून भिन्न होतील असा फेरफार वाहनात करता येत नाही. मोटारींच्या पुढील बाजूस बसविल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डांविरुद्ध कारवाई करण्याविषयी केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले होते. मोटारसायकलच्या बाबतीत शंका असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घेणे सोयीचे.

खर्चाचा क्रमही महत्त्वाचा आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. पाय मोडलेला मनुष्य बहुधा पुन्हा चालू लागतो. डोक्याच्या दुखापतीचे तसे नाही. घरात हेल्मेट एकच असेल, किंवा टायर गुळगुळीत झाले असतील, तर लेगगार्डचे पैसे आधी तिकडे वळवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सारे भाच्यास सांगून झाले. बहीण आतापर्यंत निमूटपणे भाजी निवडीत होती. ती म्हणाली, "दादा, पुढे बसणाऱ्याचे झाले. मागे एका बाजूला पाय सोडून मी बसते, माझे काय?" प्रश्न बिनतोड होता. पुढील लेगगार्ड मागच्या स्वारास काहीच देत नाही. तिच्यासाठी जे आहे ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ मध्ये : धरण्यासाठी पक्की मूठ, पाय ठेवण्याची जागा, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण, ज्यास आपण साडीगार्ड म्हणतो. भाच्याने गाडी रुबाबदार दिसावी म्हणून नेमके हेच आवरण काढून माळ्यावर टाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली उतरविण्यात आले आणि गल्लीच्या कोपऱ्यावरील मिस्त्रीकडून पुन्हा बसवून घेतले. लेगगार्डचा निर्णय, दुसरे हेल्मेट येईपर्यंत, पुढे ढकलण्यात आला आहे.