जुना ट्रॅक्टर-नांगर चांगला कसा चालेल?

नांगरट उथळ होऊ लागली की दोष ट्रॅक्टरच्या शक्तीस दिला जातो. वस्तुतः तो पुष्कळदा झिजलेल्या फाळात व चुकीच्या जोडणीत असतो.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला फर्ग्युसन टीई-२० हा लहान ट्रॅक्टर याचे बोलके उदाहरण होय. अवघ्या वीस-पंचवीस अश्वशक्तीचा हा ट्रॅक्टर दोन फाळांचा नांगर ओढीत असे. हॅरी फर्ग्युसन यांच्या तीन सांध्यांच्या जोडणीमुळे हे साधले. खालचे दोन दांडे नांगर ओढतात, तर वरचा दांडा दाब पेलतो. माती कठीण लागताच हा दाब वाढतो, हायड्रॉलिक यंत्रणा नांगर किंचित उचलते व ओढ हलकी होते. परंतु फाळ बोथट असल्यासही ओढ वाढते. यंत्रणा नांगर उचलते आणि खोली कमी पडते. यास्तव पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. फाळ : नांगर सोडवून जमिनीवर आडवा ठेवावा. फाळाच्या टोकापासून मागील टाचेपर्यंत तळाशी सरळ पट्टी धरली असता मध्ये सुमारे ३ ते ५ मिलिमीटर फट दिसावी. ती नसल्यास नांगर जमिनीत शिरत नाही. पोलादी फाळास लोहाराकडून टोक काढून घेता येते. ओतीव फाळ मात्र बदलावाच लागतो.

२. माती पलटविणारा वक्र पत्रा : गंजलेल्या पत्र्यास माती चिकटते व तास नीट पलटत नाही. गंज घासून काढावा आणि हंगाम संपताच पत्रा पुसून त्यास ग्रीस लावावे.

३. जोडणी : नांगरताना ट्रॅक्टरची उजवी चाके तासात उतरतात व ट्रॅक्टर कलतो. तरीही नांगर समतल राहील अशा रीतीने उजवा उचल-दांडा कमी-जास्त करावा. पुढील तास खोल व मागील उथळ पडत असल्यास वरचा दांडा थोडा लांब करावा. उलट असल्यास आखूड करावा.

अखेरीस, वाफसा आल्यावाचून नांगरू नये. ओल्या रानात चाके घसरतात व मागे ढेकळे उरतात.

या तपासणीस एखादी सकाळ पुरते. तेवढ्याने डिझेल वाचते, पेरणीची वेळ साधते आणि जुना नांगर मोडीत काढण्यापूर्वी त्याचा खरा दोष कळतो.