निरोप खरा, की निरोप्या खोटा?



या सदरात आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि पाणी यांविषयी बोलतो. या खेपेचा विषय थोडा निराळा, पण आपल्या खिशाशी बांधलेला आहे. ऊस गेला की बिल बँकेत जमा होते, निरोप मोबाईलवर येतो. म्हणजे आपला भरवसा उसाइतकाच निरोपावरही आहे. हा निरोप खरा की खोटा हे तपासतो कोण, आणि त्या तपासणीलाच कोणी बगल दिली तर काय होते, ते आज पाहू.

ओळख पटविणे म्हणजे काय?

उसाची गाडी काट्यावर आली की आधी स्लिप बघतात. स्लिपवरचे नाव, गट व प्लॉट शेतकी ऑफिसच्या नोंदीशी जुळले तरच पुढचे काम. स्लिप हा नुसता निरोप झाला. खरी ओळख नोंदवहीत असते. आता समजा, एखादा भामटा फाटकाच्या अलीकडेच टेबल मांडून बसला आणि येईल त्या स्लिपवर 'नोंद बरोबर' असा शिक्का मारू लागला. नोंदवही कपाटात सुरक्षित आहे, तिच्यात खाडाखोड नाही. पण तिला विचारतो कोण? संगणकाच्या कामातही असेच घडते. कुलूप फोडलेले नसते; कुलपाकडे न जाताच चोर आत शिरलेला असतो.

पुण्यात काय घडले?

समजा, आपला मुलगा पनवेलला नोकरीला आहे. तो तिथल्या एटीएममध्ये कार्ड घालतो. पैसे द्यायचे की नाही हे ते यंत्र स्वतः ठरवत नाही. ते बँकेला निरोप धाडते : अमुक कार्ड, अमुक रक्कम, द्यावी का? बँकेत हे निरोप घेणारी यंत्रणा असते, तिला स्विच म्हणतात. स्विच तो प्रश्न हिशेबाच्या मुख्य संगणकाकडे नेतो आणि तिथून 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर आणतो.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरट्यांनी या व्यवहारात खोटा स्विच उभा केला. बनावट कार्डांवरून आलेले प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोचलेच नाहीत. मधला खोटा स्विचच 'हो, द्या' म्हणत राहिला. शनिवार, ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. त्यात आपल्या कोल्हापूरची एटीएमही होती.

मधे रविवार गेला. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्टमार्फत १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यावर वळविले गेले. स्विफ्ट म्हणजे बँकाबँकांतील पैशाचे आदेश पोचविणारी यंत्रणा. बेल्जियममधली ही संस्थासुद्धा सभासद बँकांची सहकारी संस्थाच आहे. दोन्ही मिळून नुकसान ९४ कोटी ४२ लाखांचे झाले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना शिक्षा सुनावली.

खातेदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असे बँकेने सांगितले. ते खरेच, वही शाबूत होती. पण सहकारी बँकेचा तोटा म्हणजे शेवटी सभासदांचाच.

दुरुस्ती केली म्हणजे संपले का?

दुसरे उदाहरण जगभर गाजलेले. मोठमोठ्या कचेऱ्यांचे टपाल सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज प्रणालीत असाच दोष निघाला. दाराशी असलेला भाग बाहेरून आलेली मागणी आपल्याच अधिकाराने आत पाठवत असे. त्याचा फायदा घेऊन परका माणूस पासवर्डशिवाय आत जाऊ शकत होता. २ मार्च २०२१ रोजी कंपनीने दुरुस्ती दिली. परंतु आधीच शिरलेल्यांनी आत आपल्या चोरवाटा करून ठेवल्या होत्या. कुंपण नीट केले, पण रानडुक्कर उसातच राहिले, तर पीक वाचेल का? म्हणून दुरुस्तीनंतर आत फिरून बघावेच लागते.

यातून काय घ्यावे?

१) पैशाचा आदेश देणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा. तपासणी त्याच वाटेने करू नये. संगणकावर आलेला आदेश फोनवर किंवा समक्ष विचारून पक्का करावा.

२) बाहेर गेलेली रक्कम आणि वहीतील नोंद यांचा ताळा रोज घालावा. चोर सुट्टी बघून येतो. म्हणून शनिवार-रविवारीही कोणी जबाबदार माणूस असावा.

३) ऊसबिलाचे बँक खाते बदलायचे असेल तर समक्ष जाऊन, पासबुक दाखवून आणि सही करून बदलावे. नुसत्या मोबाईलवरच्या निरोपावर कोणी खाते बदलू नये.

४) निरोपात दिलेल्या नंबरावर उलट फोन करू नये. पासबुकावरचा नंबर वापरावा. पिन आणि ओटीपी घरच्या पोरालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर त्याच घटकेला बँकेला आणि १९३० या नंबरावर कळवावे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पुण्यासारख्या प्रकारात खातेदाराने पिन कितीही जपला असता तरी उपयोग झाला नसता, कारण त्याच्या पिनची मुख्य संगणकाकडे चौकशीच झाली नाही. तिथे राखण करायची ती संस्थेने. वार्षिक सभेत आपण उतारा विचारतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च विचारतो. आपल्या सोसायटीत, पतसंस्थेत, बँकेत आणि कारखान्यातही आता आणखी एक प्रश्न विचारा : 'आमच्या पैशाचा निरोप कोण तपासतो, आणि तो तपासणारा खरा आहे हे कोण बघतो?' हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. काट्यावर उभे राहून वजन बघण्याइतकाच तो सभासदाचा हक्क आहे.

— ऊस विकास अधिकारी