चावी हातात देण्यापूर्वी

खेरडी, सिल्वासा

चि. अमोल यास,

तू कळंगुटला गाड्या भाड्याने देणाऱ्यांकडे कामाला लागलास, हे ताईने फोनवर सांगितले. आनंद वाटला. तुझ्या गिऱ्हाइकांत परदेशी पाहुणे बरेच असणार, आणि स्वतः गाडी चालवणारे असणार, म्हणून हे पत्र लिहितो आहे. वकिलांकडे कारकुनी करताना मी अपघाताचे दावे वर्षानुवर्षे लिहिले. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली: धडक देणारा बाहेरचा असेल तर तो परत जातो, जखमी मात्र इथेच राहतो. त्याचा हक्क पहिल्या काही तासांत कागदावर आला नाही, तर पुढे फार थोडे हाती लागते.

आपल्याकडेही हेच घडते. सुट्टीच्या दिवशी सुरतच्या, मुंबईच्या गाड्या दुधनी-खानवेलकडे धावतात. अंधार पडताना पाड्यावरची माणसे रस्त्याच्या कडेने घरी निघालेली असतात. धडक बसते आणि थोड्याच वेळात गाडी गुजरातच्या नाहीतर महाराष्ट्राच्या हद्दीत असते. नंबर कोणी टिपला नसेल, तर पळून गेलेल्या गाडीसाठी ठरलेली भरपाई तेवढी मिळते: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. गाडी सापडली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, चूक कोणाची हे सिद्ध न करताही, मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून ५ लाख आणि अडीच लाख मिळू शकतात. नाहीतर चूक सिद्ध करून ट्रिब्युनलपुढे मोठा दावा लावता येतो. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला की या फरकावर मुलांची शाळा चालते, हे मी पाहिले आहे.

परदेशी माणसाच्या बाबतीत हद्द म्हणजे विमानतळ. २७ ऑगस्ट २०१९ ला इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये एका अमेरिकी बाईने सवयीने उजव्या बाजूने मोटार नेली आणि १९ वर्षांचा मोटारसायकलस्वार गेला. ती पर्यटक नव्हती, तिथल्या तळावर नेमलेल्या माणसाची पत्नी होती. राजनैतिक संरक्षण सांगून ती काही आठवड्यांत मायदेशी गेली. तिला शिक्षा सुनावली गेली ती डिसेंबर २०२२ मध्ये, आणि त्या वेळीही ती अमेरिकेतूनच पडद्यावर हजर होती. इंग्लंडसारख्या देशातल्या आईवडिलांची ही गत, तर गोव्यात मजुरीला आलेल्या बिऱ्हाडाचे काय होईल?

म्हणून तुझे काम चावी देण्याआधीच सुरू होते. परवाना नीट वाच. आंतरराष्ट्रीय परमिट एकटे चालत नाही, त्या माणसाच्या देशाचा मूळ परवानाही सोबत लागतो. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार काढलेल्या परमिटवर ‘ए’ म्हणजे मोटारसायकल, ‘बी’ म्हणजे मोटार. ज्याला फक्त ‘बी’ आहे त्याला बुलेट देऊ नकोस, तो कितीही गोड बोलला तरी. परवाना योग्य नसेल तर विमा कंपनी हात वर करू पाहते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले की अशा वेळीही जखमीला पैसे आधी कंपनीने द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे शेवटी भुर्दंड तुझ्या मालकावर. त्याला हे स्पष्ट सांग.

गाडीची पाटीही बघ. भाड्याने स्वतः चालवायला द्यायच्या गाडीची पाटी काळी, अक्षरे पिवळी. खाजगी गाडी पांढऱ्या पाटीवर भाड्याने देण्याचा धंदा गोव्यात चालतो, त्यात तू पडू नकोस. अपघात झाला की विम्याचा वाद तिथेच उभा राहतो. उजवीकडून चालवणाऱ्या देशातला पाहुणा असेल तर त्याला आधी आवारात, मग मोकळ्या रस्त्यावर फिरवून आण. न्यूझीलंडमध्ये भाड्याच्या गाडीच्या स्टिअरिंगला ‘डावीकडून चालवा’ अशी आठवण लावण्याची पद्धत पडली आहे. तूही मालकाला विचारून तसे कर, खर्च काहीच नाही.

एवढे करूनही धडक झालीच आणि पाहुण्याचा तुला फोन आला, तर त्याला हॉटेलवर जायला सांगू नकोस. घाबरलेला माणूस खोलीकडे पळतो. जमाव जमला असेल तर त्याला सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊ दे, कायद्यालाही ते मान्य आहे. तू १०८ लाव, ११२ लाव आणि स्वतः जागेवर जा. जखमीला उचलणाऱ्याला पोलीस अडकवत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आहे, रुग्णालयात ती आठवणीने माग. पोलीस पाहुण्याच्या वकिलातीला कळवतात का तेही बघ, तो त्याचा हक्क आहे आणि तोही माणूस आहे, परक्या मुलखात एकटा.

सगळ्यात जास्त सांभाळायचे ते ‘इथेच मिटवून टाकू’ हे बोलणे. पाहुणा खिशातून दहा हजार काढतो, कोणीतरी कागद पुढे करते, जखमी अंगठा उठवतो. डोक्याचा मार दोन दिवसांनी कळतो, खुब्याचे हाड एक्सरेशिवाय कळत नाही. तोवर विमान गेलेले असते. मदत म्हणून पैसे द्यायचे असतील तर द्यावेत, पण ‘दावा नाही’ असे लिहून घेण्याच्या कागदावर तू साक्षीदार होऊ नकोस. पंचनामा आणि एफआयआर होऊ दे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तरी तो गुन्हा जामीनपात्र आहे, पाहुणा सुटेल आणि बहुधा कोर्टाची परवानगी घेऊन जाईलही. गाडी, तिची पॉलिसी आणि मालक इथेच असतात, जखमीची भरपाई त्यांच्यावरच उभी राहते. तिच्या अर्जाला कायद्याने ६ महिन्यांची मुदत लिहिली आहे, हे त्या घराला तूच सांग.

आणि पासपोर्ट अनामत म्हणून ठेवून घेऊ नकोस, मालकाने सांगितले तरी. तो अधिकार दुकानदाराला नाही. परवाना, परमिट, व्हिसाचे पान आणि उतरण्याचा पत्ता यांच्या प्रती घे, तेवढे पुरे.

तुमच्या गाड्यांच्या पॉलिसींची एक प्रत मला फोनवर पाठव. अटी वाचून काय कळवायचे ते मी रविवारी कळवतो.

तुझा,
मामा