पाय दुखतात म्हणणारं लेकरू

दिवसभर उड्या मारणारं मूल रात्री ‘पाय चेप’ म्हणत रडतं, तेव्हा बहुधा ते वाढीच्या वयातलं दुखणं असतं. दोन्ही पाय दुखतात, चेपले की झोप लागते, सकाळी स्वारी पुन्हा अंगणात! पण तेच मूल दिवसाही लंगडू लागलं, चालायचं सोडून ‘कडेवर घे’ म्हणू लागलं, तर मात्र आईबाबांनो, वाट पाहू नका.

चेहरा फिका पडलाय का? ताप फिरून फिरून येतोय का? कुठे आपटल्याशिवाय काळेनिळे डाग, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, मानेत गाठी? मग ‘सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करू या का?’ असं डॉक्टरांना तुम्हीच विचारा. रक्ताची काचपट्टी पॅथॉलॉजिस्टनं डोळ्यांनी पाहावी, असाही आग्रह धरा. पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट म्हटलं की डेंग्यू ठरतो. पुष्कळदा तो असतोही. पण ताप गेल्यावर थोड्याच दिवसांत प्लेटलेट चढायला हव्यात. त्या चढत नसतील, हिमोग्लोबिनही उतरत असेल, तर ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, शंका घ्यायलाच हवी.

ल्युकेमियात अस्थिमज्जेत कच्च्या पेशींची बेसुमार गर्दी होते आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. मुलांमध्ये चारातल्या तिघांना ‘एएलएल’ हा प्रकार असतो, तोही जास्त करून 2 ते 5 या वयात. उरलेल्यांत बहुतेक ‘एएमएल’. त्याचे उपचार वेगळे आणि अधिक कडक. घरात आजोबांना ‘सीएलएल’ झाला असेल, तर तो म्हातारपणाचा आजार, मुलांत जवळपास दिसतच नाही. तेव्हा ‘तुमच्याच घराण्यातून आलं’ असे टोमणे कानाआड करा. ल्युकेमिया संसर्गानं पसरत नाही, आणि तुमच्या खाऊ घालण्यानं झालेलाही नाही.

पक्कं निदान अस्थिमज्जेच्या तपासणीनं होतं. ‘मणक्यात सुई घातली की मूल पांगळं होतं’ ही भीती सोडा. नमुना कमरेच्या मागच्या हाडातून, भूल देऊन घेतात. फ्लो सायटोमेट्रीनं प्रकार कळतो, गुणसूत्रांच्या तपासणीनं उपचार किती तीव्र हवेत ते ठरतं. पाठीतलं पाणी वेगळं तपासतात, आजार मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलाय का ते पाहायला.

‘एएलएल’चे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. चांगल्या केंद्रात दहातली आठ किंवा त्याहून जास्त मुलं बरी होतात. परळच्या टाटा रुग्णालयात मुलांच्या कर्करोगाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. पैशांच्या धास्तीनं घरी बसू नका.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. निदानाआधी सांधेदुखी म्हणून स्टेरॉइड देऊ नका. त्यानं ‘एएलएल’च्या पेशी तात्पुरत्या विरघळतात, मूल हसू-खेळू लागतं, आणि आजार दडून राहतो. म्हणून मोठ्या दवाखान्यात जाताना जुने रिपोर्ट तर न्याच, पण आधी दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, नाव नसलेल्या पुड्यासुद्धा सोबत ठेवा.