काळा घोडा : चौकातून उद्यानात

मुंबईच्या फोर्ट भागातील ‘काळा घोडा’ हे स्थळनाम सर्वपरिचित आहे. घोड्यावरील स्वार मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नाही. तो होता ब्रिटनचा युवराज, पुढे सातवा एडवर्ड म्हणून राज्यावर आलेला. १८७५-७६ मधील त्याच्या हिंदुस्थान भेटीच्या स्मरणार्थ सर अल्बर्ट ससून यांनी शिल्पकार जोसेफ बोएम यांच्याकडून हा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा करवून घेतला व १८७९ मध्ये तो तेथे उभा राहिला. लोकांनी युवराजाची पदवी बाजूस ठेवली आणि धातूच्या काळसर रंगावरून चौकाला घोड्याचेच नाव दिले.

स्वातंत्र्यानंतर परकीय राज्यकर्त्यांचे पुतळे भर चौकात असावेत काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. १९६५ मध्ये पुतळा तेथून हलविण्यात आला. परंतु तो वितळविला गेला नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजेच आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, तो जतन करण्यात आला. हा निर्णय शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. चौकात तो सत्तेचे चिन्ह होता. उद्यानात तो अभ्यासाचा विषय झाला. प्राणिसंग्रहालय पाहावयास येणाऱ्या शालेय सहलींनी येथे थोडा वेळ थांबावयास हरकत नाही.

चौकातून पुतळा गेला, तरी नाव टिकले. २०१७ मध्ये तेथे नवा काळा घोडा उभारण्यात आला, तोही स्वाराविना.