क्रीडादिनाची गाणी आणि परवाना

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेच्या क्रीडास्पर्धेत संचलनाला, बक्षीस समारंभाला गाणी लावतो. ‘परवाना काढा,’ असं एका पालकांनी बजावलं. खर्च झेपणार नाही. काय करावं?
– एक क्रीडाशिक्षक

उत्तर : सर, घाबरू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२मध्ये शाळांना सवलत आहे. शाळेच्या उपक्रमात ध्वनिमुद्रित गाणं लावता येतं. अट एवढीच की, श्रोते म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित मंडळी. मैदान गावाला खुलं केलंत, तिकीट लावलंत किंवा तालुक्याच्या स्पर्धा भरवल्यात, की या सवलतीवर विसंबू नका. तेव्हा आयपीआरएस, पीपीएल या गाण्यांचे परवाने देणाऱ्या संस्थांकडे आधीच विचारा.

खरी गोची व्हिडिओची. चित्रपटगीतासह संचलन यूट्यूबवर टाकलंत की आवाज बंद होऊ शकतो. ही सवलत मैदानापुरती. व्हिडिओला यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं फुकट संगीत जोडा, मात्र श्रेय द्यायची अट आहे का ते वाचा.

माझं विचाराल तर पेनड्राइव्ह घरीच ठेवा. पोरांचं लेझीम पथक, एक हलगी, दोन ताशे. पारंपरिक ठेक्याला परवाना लागत नाही, आणि वीज गेली तरी संचलन अडत नाही.